लॉंग शाफ्ट आउटबोर्डचा शाफ्ट 5 इंच कापून शॉर्ट करता येतो का?

धायरीकर_नावाडी

मंडळी, मदत हवी आहे. मामांची फायबरची छोटी होडी दाभोळच्या खाडीत असते. तिची मागची फळी वरून तळापर्यंत 15 इंच. मामांनी त्या फळीला टांगायचं 15 एचपीचं जुनं टू-स्ट्रोक मशीन (आउटबोर्ड) घेतलं ते 20 इंची, म्हणजे लॉंग. लॉंग आहे हे माहीत होतं, पण किंमत ऐकल्यावर मामा थांबणाऱ्यातले नाहीत. आता मशीनचा पाय, म्हणजे ज्याच्या आतून शाफ्ट खाली पंख्याकडे जातो तो भाग, पाण्यात 5 इंच जास्त बुडतो. ओहोटीला वाळूत घासतो, आणि जरा वेग घेतला की फवारा थेट फळीवरून आत.

मशीन सध्या पुण्यात, आमच्या पार्किंगमध्ये स्टँडला टांगलंय. नऱ्ह्यातला एक टर्नर म्हणतो, "मधून पाच इंच कापतो, वेल्ड मारतो, लेथवर साफ करतो, संध्याकाळी घेऊन जा." ऐकायला झकास आहे. पण "पंखा कुठल्या बाजूला येतो?" असंही त्यानेच विचारलं, म्हणून इथे आलो.

कोथरूडचा_कोळी

कापू नकोस. फळी 5 इंच उंच कर, संपला विषय.

जुना_टर्नर_भोसरी

संपला नाही, पण त्यावर नंतर येतो.

धायरीकर, मी आयुष्यभर लेथवर उभा होतो. शाफ्ट कापणं हे यातलं सगळ्यात सोपं काम, म्हणूनच तुमचा टर्नर लगेच हो म्हणाला. ताकदीचीही भीती नाही. 15 एचपी 5500 आरपीएमला धरले तर टॉर्क येतो साधारण 20 न्यूटन-मीटर. बुलेट 350 चा 27 असतो. बारीक शाफ्टही तेवढं सहज ओढतो.

अडचण वेल्डच्या उष्णतेची. शाफ्ट वाकणार. डायल लावून, ठोकून सरळ केला तरी खाली पाण्याच्या पंपाचं सील आणि बेअरिंग मिनिटाला पाच हजार फेऱ्यांत प्रत्येक चूक दाखवणार. शिवाय तो जोड येणार पायाच्या पोकळीत, जिथे धूर आणि खारं पाणी दोन्ही. गंज तिथूनच सुरू.

कापायचाच तर वरून कापायचा. खालच्या टोकाला पिनियन (छोटं गिअर), सीलची जागा आणि इम्पेलरच्या, म्हणजे पाण्याच्या पंपातल्या चक्राच्या, चावीचा खाचा असतो, तिकडे हात लावायचा नाही. वरचे दात क्रँकमध्ये, म्हणजे इंजिनाच्या फिरत्या दांड्यात, बसतात. ते 5 इंच खाली मिलिंगवर नवे पाडायचे आणि जुन्याइतकेच कडक करून घ्यायचे. जमतं, पण त्यासाठी दात पाडणारा माणूस शोधा, वेल्ड मारणारा नको.

आणि हे सगळं झालं तरी काम एक चतुर्थांशच. शाफ्ट आखूड केला आणि पाय तेवढाच राहिला तर तो क्रँकपर्यंत पोचणारच नाही. म्हणजे पाय आखूड, पंपाकडून वर जाणारी पाण्याची नळी आखूड, गिअरचा रॉड आखूड. टर्नरने यातलं काही विचारलं का?

त्याआधी एक बघा. गिअरबॉक्स पायाला जिथे जोडलाय, तिथून वर साधारण 5 इंचांवर अजून एक सांधा दिसतो का?

धायरीकर_नावाडी

काका, आत्ताच बॅटरी घेऊन खाली जाऊन आलो. दिसतो! चहूबाजूंनी रेघ आहे, रंगाखाली दबलेली. मला वाटलं ओतकामाची रेघ असेल.

जुना_टर्नर_भोसरी

मग नशीबवान आहात. तो मधला तुकडा स्पेसर आहे. पुष्कळ लहान मशीनांत पाय शॉर्टचाच असतो आणि लॉंगसाठी हा तुकडा मध्ये घालतात. एकसंध पाय असता तर मीही म्हटलं असतं, अॅल्युमिनियम कापू नका, फळी वाढवा.

आता स्पेसर काढायचा आणि त्याच मॉडेलचे शॉर्टचे तीन भाग आणायचे: शाफ्ट, पाण्याची नळी, गिअर रॉड. नाना पेठेत पायपीट करू नका, तिथे गाड्यांचं मिळेल, हे नाही. मॉडेल नंबर घेऊन मशीन कंपनीच्या डीलरकडे किंवा किनाऱ्यावरच्या मेकॅनिककडे विचारा. इम्पेलर लगे हाथ नवा टाका, उघडलंच आहे तर.

बसवताना दोन गोष्टी. ग्रीस दातांच्या बाजूला लावा, शाफ्टच्या माथ्यावर नको. माथ्यावरचं ग्रीस क्रँकमध्ये कोंडतं आणि शाफ्ट पूर्ण आत जाऊ देत नाही. दुसरं, गिअरबॉक्स हाताने ढकलून सांध्याला टेकला पाहिजे. सूतभर फट राहिली तर फ्लायव्हील थोडं फिरवून दात जुळवा, नळी रबरात नीट शिरली का बघा. बोल्टने ओढून फट बुजवाल तर शाफ्ट क्रँकला खालून दाबत राहील आणि बेअरिंग खाईल.

मग ड्रममध्ये न्यूट्रलला चालवा. पाणी पंपाच्या वर हवं. मागून पिचकारी आली नाही तर ताबडतोब बंद.

कोथरूडचा_कोळी

आणि भाग येईपर्यंत होडी बांधूनच ठेवायची? माझं तेच म्हणणं होतं काका. सागाची जाड फळी, दोन्ही बाजूंनी अॅल्युमिनियमच्या पट्ट्या, आरपार बोल्ट. मशीनचा पाण्यातला आडवा पत्रा होडीच्या तळाच्या रेषेत किंवा इंचभर खाली आला की झालं.

जुना_टर्नर_भोसरी

चालेल. फक्त पट्ट्या जुन्या फळीवर चांगल्या खालपर्यंत न्या. पंखा खालून पुढे ढकलतो आणि क्लॅम्प आता 5 इंच वर गेलाय, सगळा जोर त्या जोडावर येणार. सुरक्षेची दोरी होडीच्या जुन्या अंगाला बांधा, वाढवलेल्या फळीला नाही.

धायरीकर_नावाडी

मामांना फोन केला. ते म्हणाले, फळी या आठवड्यात, भाग गणपतीनंतर. टर्नरला नाही म्हणून कळवलं, तर तो म्हणाला, "मग निदान फळीचे बोल्ट तरी माझ्याकडून घ्या."

मुरूडवाला

उशिरा आलो. धायरीकर, माझी होडी 20 इंची आणि मशीन शॉर्ट, पंखा सारखी हवा ओढतो. तुमचा स्पेसर आणि लॉंगचा शाफ्ट, नळी, रॉड भंगारात घालू नका. कंपनी आणि मॉडेल कुठलं ते सांगा.