मदत हवी आहे: धिंगरीच्या तंबूत पंखा लावला की ओल जाते, बंद केला की दांडे लांबतात

सेलूची_धिंगरी

नमस्कार मंडळी. वर्धा जिल्ह्यातल्या सेलू तालुक्यात आमचा महिला बचत गट धिंगरी मशरूम घेतो. घरामागच्या टिनाच्या खोलीत बांबूचा सांगाडा करून त्यावर प्लास्टिक ओढलं आहे. तंबू 10 फूट लांब, 8 फूट रुंद, 7 फूट उंच. बेड म्हणजे मशरूमचं बी टाकून पिशवीत भरलेलं सोयाबीनचं कुटार, दोरीला टांगलेलं. बुरशी छान धरते, बेड पांढरेशुभ्र होतात. अडचण पिशवी काढल्यावर सुरू होते.

सध्या ऑक्टोबरचं ऊन. दुपारी तंबूत 33-34 अंश. एक्झॉस्ट लावला की आर्द्रता 85 वरून बघता बघता 55 वर येते आणि पिनहेड (मशरूमचे बारीक कोंब) तपकिरी होऊन वाळतात. म्हणून पंखा बंद ठेवून फवारा मारत राहिलो, तर दांडा बोटभर लांब आणि टोपी इवलीशी. काही टोप्यांवर पिवळे डाग पडतात, ते हाताला चिकट लागतात. असा माल कोणी घेत नाही, आणि गटातल्या बायांचे कष्टाचे पैसे त्यात अडकले आहेत.

पंखा नेमका किती वेळ चालवायचा? फॉगर (धुक्यासारखं बारीक पाणी उडवणारं यंत्र) घ्यावा की कूलर? लाइन गेली तर काय करायचं? आणखी एक, तोडणीच्या दिवसांत सासूबाईंना सारखा खोकला येतो. याचा मशरूमशी संबंध असेल का? एक्झॉस्टचं तोंड सध्या ओसरीकडे आहे. कृपया कोणीतरी नीट समजावून सांगा.

तणीसवाला_लाखनी

ताई, आधी खोकल्याचं. संबंध असू शकतो. धिंगरी पिकली की बारीक बीजाणू सोडते आणि त्याचा अनेकांना त्रास होतो. एक्झॉस्टचं तोंड आजच सांदवाडीकडे वळवा. तोडताना प्रत्येकीने मास्क लावायचाच. टोपीची कड खाली वळलेली असतानाच तोडा. ती सपाट होऊन वर उलटायला लागली की बीजाणू भरपूर उडतात, आणि माल टिकतही नाही. एवढं करूनही खोकला राहिला तर सासूबाईंना डॉक्टरांकडे न्या, अंगावर काढू नका.

आता हवेचं. लांब दांडा आणि छोटी टोपी म्हणजे तंबूत कार्बन डायऑक्साइड साचला आहे. बेड पांढरा होत असताना तो चालतो, पिनहेड आल्यावर नाही. पिवळे चिकट डाग जिवाणूंचे. टोपीवर पाणी बसून राहिलं आणि हवा हलली नाही की ते येतात. म्हणजे तुमचा पंखा बंद ठेवून चालणारच नाही. बदलायची आहे ती आत येणारी हवा. आज तुम्ही ओली हवा बाहेर काढता आणि फटींतून दुपारची कोरडी हवा आत येते. ती ओली होऊनच आत आली पाहिजे.

तंबूच्या एका बाजूला, जमिनीपासून वीतभर वर, कूलरची गवताची ताटी बसवा. वरून टुल्लू पंपाने पाणी सोडा. एक्झॉस्ट समोरच्या बाजूला उंचावर लावा आणि बाकीच्या फटी बुजवा. ताटीला बारीक जाळी लावा, नाहीतर माश्या शिरतात.

बाहेर 34 अंश आणि आर्द्रता 40 टक्के असेल तर ओल्या फडक्याच्या थर्मामीटरवर 24 च्या आसपास दिसतं; पाण्याने हवा जास्तीत जास्त तेवढीच गार होते. ताटी चांगली भिजलेली असली तर हवा 27 पर्यंत उतरून आत येते, आणि तीही ओली. धिंगरीला 20 ते 30 अंश आणि 80 ते 90 टक्के लागतात, म्हणजे काम भागतं. आपल्याकडच्या उन्हाचा हाच फायदा आहे. पावसाळ्यात मात्र ही युक्ती चालत नाही: 32 अंश आणि 80 टक्के असताना कूलर 29 च्या खाली जाऊच शकत नाही. तेव्हा ताटीचं पाणी बंद ठेवा, हवा मात्र जास्त खेळवा.

पंख्याचा हिशेब असा. तुमचा तंबू 560 घनफूट, म्हणजे साधारण 16 घनमीटर. तासाला निदान पाच वेळा हवा बदलायची, म्हणजे 80 घनमीटर. पंख्यावर ताशी 250 घनमीटर लिहिलं असेल तर तासातली 20 मिनिटं पुरतात. पण सलग नको, टायमर लावून दर पाव तासाला 5 मिनिटं. ताटीमुळे पंख्याचा जोर कमी होतो, तेव्हा शेवटी टोपी बघूनच वेळ वाढवायचा.

अकोल्याचा_शेतकरी

वरच्या भाऊंचं बरोबर आहे. माझी भर टिनांची. टिनं तापलेली असताना कोणताही पंखा हरतो. वर तुराट्या पसरून त्यावर कुटाराचा जाड थर द्या, आणि तंबूचं छत टिनांपासून दोन-तीन फूट तरी खाली ठेवा.

आर्द्रतेचा मीटरही तपासून घ्या. बाटलीच्या झाकणात मीठ घेऊन थोडं पाणी घाला, मीठ फक्त चिखलासारखं ओलं व्हायला हवं. ते झाकण आणि मीटर घट्ट डब्यात रात्रभर ठेवा. सकाळी 75 टक्के दिसायला हवेत. 68 दाखवलं तर मीटर 7 ने कमी सांगतो असं धरा.

फॉगरची घाई नको. फवारा जमिनीवर आणि भिंतीवर मारा, टोप्यांवर नाही. मार्चनंतर धिंगरीच्या मागे लागू नका; तेव्हा दुधी मशरूम घ्या, त्याला 30 ते 35 अंश मानवतात.

सेलूची_धिंगरी

दोन्ही दादांचे मनापासून आभार. तोंड आजच वळवलं. ताटी आणि टायमर वर्ध्याहून आणते. लाइन गेल्यावर काय करायचं तेवढं सांगा. इथे दुपारचीच जाते.

तणीसवाला_लाखनी

आतल्या बाजूने ओलं बारदान लटकवा, जमिनीवर ओली वाळू पसरा. खालची खिडकी आणि वरचं भोक दोन्ही उघडी ठेवा, गरम हवा आपोआप वर निघते. खालच्या खिडकीवरही ओलं बारदान हवंच. रात्री बाहेरची हवा गार आणि दमट असते, तेव्हा पंखा जास्त वेळ चालू द्या. पहाटे तंबूत शिरल्यावर कोंदट वास आला तर अजून वेळ वाढवा.