मदत हवी आहे: जठर काढल्यानंतर पायांना मुंग्या, पण हिमोग्लोबिन ठीक. नेमकं काय तपासायचं?

नमस्कार. कॅन्सरमुळे बाबांचं (वय ६७) जठर पूर्ण काढलंय, अन्ननलिका थेट लहान आतड्याला जोडली आहे. २२ महिने झाले. स्कॅन स्वच्छ आहेत. वजन मात्र ७१ वरून ५६ किलोवर आलं आणि तिथेच अडकलं.

परवा बाबा बाहेरून आले ते एकाच पायात चप्पल घालून. दुसरी मागे उंबऱ्याशी पडलेली. "कधी निसटली, कळलंच नाही," म्हणाले आणि हसले. मला काही हसू आलं नाही. खोदून विचारल्यावर समजलं की चार महिन्यांपासून तळपायांना मुंग्या येतात, अंधारात भिंत धरून चालावं लागतं, जिभेची आग होते. वयामुळे होत असेल म्हणून बोलले नाहीत.

घरी सोडताना कागदावर बी १२ चं इंजेक्शन लिहिलेलं होतं. सुरुवातीला दिलं, मग केमोच्या धावपळीत राहून गेलं. चूक आमचीच. गेल्या तपासणीत मुंग्यांचं कुणालाच माहीत नव्हतं; हिमोग्लोबिन १२.४ आलं म्हणून सगळे निश्चिंत.

गोळ्यांच्या डब्यात सकाळच्या खणात लोह, कॅल्शियम, मल्टिव्हिटॅमिन एकत्र असतं, वर चहा. हे बरोबर आहे का? बी १२ ची गोळी चालेल की इंजेक्शनच हवं? आणि रक्तात काय काय बघायला सांगू?

— — —

ताई, माझं स्वतःचं जठर काढून सहा वर्षं झाली. डॉक्टर नाही, पण या वाटेवरून गेलोय.

पुढच्या तपासणीची वाट बघू नका, उद्याच दाखवा. बी १२ शोषायला लागणारा घटक जठरातच तयार होतो. जठर गेलं की तोही गेला. यकृतातला साठा काही काळ रेटतो, मग संपतो. आणि हिमोग्लोबिनवर विसंबू नका. मल्टिव्हिटॅमिनमध्ये फॉलिक अ‍ॅसिड असेल तर रक्त बरं दिसतं, आत नसांचं नुकसान चालूच राहतं. मोठ्या मात्रेची गोळी (१००० मायक्रोग्रॅम) जेमतेम एक टक्का शोषली जाते, काहींना तेवढी पुरतेही. पण नसांवर परिणाम दिसत असेल तर आधी इंजेक्शन. रक्त मात्र पहिल्या इंजेक्शनच्या आधी काढा.

बी १२ बरोबर फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), फॉलेट (फॉलिक अ‍ॅसिडचंच जीवनसत्त्व), ड जीवनसत्त्व, कॅल्शियम बघायला सांगा. तांब्याचंही विचारा, त्याच्या कमतरतेनेही अशाच मुंग्या येतात. हाडांची घनता मोजून घ्या.

डबा आजच बदला. लोह आणि कॅल्शियम एकमेकांना अडवतात, दोन तास तरी अंतर हवं. चहाही लोहापासून लांब. कॅल्शियम कार्बोनेट असेल तर त्याला आम्ल लागतं, जे बाबांकडे नाही. त्याऐवजी कॅल्शियम सायट्रेट मागा.

वजनासाठी थोडं थोडं सहा-सात वेळा खायचं, पाणी जेवणानंतर अर्ध्या तासाने. आणि विचारायला अवघड वाटेल, तरी विचारा: शौच फिकट, तेलकट, तरंगणारी होते का? तसं असेल तर चरबी पचत नाहीये. मला स्वादुपिंडाच्या एन्झाइमच्या (अन्न पचवणाऱ्या रसाच्या) कॅप्सूल दिल्या, पहिल्या घासाबरोबर घ्यायच्या. तेव्हा कुठे वजन हललं.

— — —

दादा, खूप आभार. काल रक्त दिलं आणि लगेच पहिलं इंजेक्शन झालं. आता दिवसाआड आहेत. कॅल्शियम कार्बोनेटच निघालं! शौचाचंही तुम्ही म्हणालात तसंच आहे, बाबा वर्षभर गप्प होते. कॅप्सूल सुरू होतील. फक्त सायट्रेटची गोळी एवढी मोठी आहे की गळ्याखाली उतरत नाही. चुरून दिली तर?

— — —

औषधवाल्याला गोळी दाखवून विचारा, बहुतेक चालेल, चघळायचीही मिळते. एन्झाइमची कॅप्सूल मात्र चुरायची नाही, आतले दाणे चावायचेही नाहीत. गिळता येत नसेल तर उघडून दाणे चमचाभर सफरचंदाच्या गरात घालून लगेच गिळायचे.