टेन्शन घेऊ नको म्हटल्यानं जीव घाबरायचा थांबतो का?

चोपडेकर:
मंडळी, विषय नाजूक आहे पण बोलायलाच पाहिजे. दोन वर्षांपूर्वी चोपड्याहून जळगावला एसटीनं चाललो होतो, विदगावच्या तापी पुलावर गाडी आली आणि अचानक छाती धडधडायला लागली, बोटांना मुंग्या, घसा कोरडा, पुढच्या सीटची दांडी इतकी घट्ट धरली की तळहातावर वळ उठला. वाटलं संपलं सगळं. ईसीजी नॉर्मल आला. "गॅस असेल, टेन्शन घेऊ नको" डॉक्टर म्हणाले, घरी आईनं दृष्ट काढली. त्यानंतर मी एसटी सोडली, मग मोटरसायकलवरसुद्धा तो पूल नको वाटायला लागला, मग जळगावच टाळलं, चुलत बहिणीच्या साखरपुड्याला पोट बिघडलंय सांगून घरी बसलो. वर्षभरानं एका समुपदेशक ताईंनी नाव सांगितलं, पॅनिक अटॅक. माझं म्हणणं एवढंच की हा आजार आहे, त्यावर उपचार आहे, आणि आपल्याकडे टेन्शन घेऊ नको हेच जे औषध चालतं ते बंद झालं पाहिजे.

रावेरचे_नाना:
भाऊ, तुझा त्रास खोटा म्हणत नाही मी. पण प्रत्येक काळजीला आजार म्हणायचं जे चाललंय ते मला पटत नाही. मे महिना, केळीला घड लागलेले, दुपारी पंचेचाळीस डिग्री आणि संध्याकाळी आभाळ काळं होतं, एक वादळ आलं की अख्खी बाग झोपते, आणि ती बाग सोसायटीच्या कर्जावर उभी असते. कापणीला व्यापारी जाहीर झालेल्या बोर्डाच्या भावापेक्षा कमी देतो ते वेगळंच. यात जीव घाबरला नाही तरच नवल! हे मनाचं दुखणं नाही, भावाचं दुखणं आहे. विमा वेळेवर द्या, भाव द्या, अर्ध्या गावाची धडधड थांबेल. गोळ्या देऊन माणसं झोपवायची का? भाच्याला दिल्या होत्या, पोरगा दिवसभर पेंगायचा, वावरात पाय टाकेना.

शिरपूरची_लेक:
नाना, भावाचं तुमचं बठ्ठं बरोबर शे. पण माझ्याकडे ना वावर ना कर्ज, पगार वेळेवर होतो, तरी पोरगी शाळेतून यायला दहा मिनिटं उशीर झाला की हातपाय गार पडतात. मला कुठला भाव मिळायचा राहिलाय?

अमळनेर_मेडिकल:
नाना, भाच्याला कुठली गोळी होती त्यावर सगळं आहे. अल्प्राझोलामसारख्या गोळ्या लवकर शांत करतात पण पेंग आणतात आणि रोज घेतल्या तर सवय लागते, म्हणून त्या थोडे दिवस आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच. लोक शेजाऱ्याची रिकामी पट्टी घेऊन येतात, "हीच द्या" म्हणतात, मी देत नाही, काउंटरवर रोज भांडण. दुसऱ्या गोळ्या, एस्सिटालोप्राम, सर्ट्रालीन वगैरे, त्यांचा गुण यायला दोन ते सहा आठवडे लागतात, सुरुवातीला मळमळ होते, कधी बेचैनी उलट वाढते, आणि नेमकी तिथेच माणसं सोडून देतात नि गावभर सांगतात की गोळीनं काही होत नाही. मनानं सुरू करू नका आणि मनानं बंदही करू नका.

धुळेकरीण:
आमच्या जाऊबाईंची धडधड थायरॉईडची निघाली. आधी रक्त तपासा. आणि ते दिवसाला आठ आठ कप चहा!

रावेरचे_नाना:
गोळ्यांचं समजलं. पण भावाचं कोणीच बोललं नाही. बाग झोपल्यावर समुपदेशक काय करणार?

चोपडेकर:
काहीच नाही नाना, बाग उभी करायला समुपदेशक नाही, भावासाठी मोर्चा काढा, मी येतो. पण एक फरक बघा. वारं येईल या काळजीनं तुम्ही उठून टेकू लावता, विमा भरता, ती काळजी कामाची. टेकू लावून झाले, विमा भरून झाला, आणि तरी रात्री दोनला उठून मोबाईलवर हवामान बघायचं, परत तीनला बघायचं, त्यानं वारा थांबत नाही, फक्त उद्याची ताकद आजच जाते. आणि ताईंनी मला गोळी दिलीच नाही, त्या डॉक्टर नाहीत. त्यांनी सांगितलं की घाबरून भराभर श्वास घेतला की रक्तातला कार्बन डायऑक्साईड कमी होतो, मुंग्या त्याच्याच, म्हणून श्वास सोडायचा तो सावकाश, लांब. अटॅक बहुतेक वेळा दहाएक मिनिटांत टोकाला जातो आणि मग उतरतो. मी तो उतरायच्या आधीच पळत होतो, त्यामुळे पूल दरवेळी मोठा होत गेला. मग मित्राला घेऊन विदगावपर्यंत गेलो, नुसतं उभं राहिलो, परत आलो. चारपाच वेळा तेच. मग त्याच्या मागे बसून पूल ओलांडला, मग एकटा, मग एसटीत खिडकीशी. तीन महिने गेले. परवा पुन्हा धडधडलं, पण गाडीतून उतरलो नाही.

शिरपूरची_लेक:
ज्यांना कुणाशी बोलायचंय त्यांनी 14416 लावा, टेलिमानस, सरकारी आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलतात. 2022 च्या ऑक्टोबरपासून सुरू आहे पण आमच्या स्टाफरूममध्ये एकीलाही माहीत नव्हतं. मी पहिल्यांदा फोन लावला तेव्हा काही न बोलता ठेवून दिला होता. दुसऱ्यांदा बोलले.

रावेरचे_नाना:
रात्री दोनचं तुला कोणी सांगितलं? आमची ही बोलली की काय. हो, उठतो मी. बागेत चालताना छातीही भरून येते हल्ली.

अमळनेर_मेडिकल:
नाना, चालताना छाती भरते ते टेन्शनवर ढकलू नका. वय बघता आधी हृदय तपासा, उद्याच. बाकी सगळं नंतर.

रावेरचे_नाना:
उद्या कापणी आहे, ट्रक येतोय.

चोपडेकर:
कापणी पोरगा बघेल. नाना, मी सकाळी विदगावचा पूल ओलांडून जळगावला येतो, तुम्ही रावेरहून या. स्टँडवर भेटू, तिथून दोघं दवाखान्यात जाऊ.

रावेरचे_नाना:
दहापर्यंत येतो.