ब्लेंडरच्या पॅकेजला 'अडल्ट कंटेंट बनवू नये' अशी अट घालावी का?

उपाशी_रेंडर (कोथरूड):
मंडळी, मी आणि एक मित्र मिळून ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरसाठी कॅरेक्टर पॅकेज बनवतोय, नऊवारी-धोतरातली आपली माणसं पटकन उभी करता येतील असं, कारण बाहेरच्या पॅकमध्ये इंडियन म्हटलं की थेट महाराजाच असतो. एक ॲड-ऑन (ब्लेंडरला जोडायचा छोटा प्रोग्रॅम) आणि सोबत काही मॉडेल्स, त्यातलं एक प्रायोगिक नाटकात काम करणाऱ्या मैत्रिणीच्या चेहऱ्याच्या स्कॅनवरून केलंय, तिला विचारूनच. आता विकायला ठेवायची वेळ आली तर मित्र म्हणतो लायसन्समध्ये सरळ लिही की हे वापरून अडल्ट काही बनवायचं नाही, नाहीतर उद्या कोणीतरी काहीतरी बनवणार आणि आपलं नाव त्याला चिकटणार. मला धड पटतही नाहीये आणि खोडताही येत नाहीये. टूलवाल्याने असं सांगावं का?

पायथॉन_पंत:
सांगावं का ते नंतर, आधी सांगता येतं का ते बघा. ब्लेंडर जीपीएलवर आहे, म्हणजे कोणीही वापरा, बदला, वाटा असं खुलं लायसन्स, आणि त्याचा पायथॉन एपीआय (बाहेरचा कोड ब्लेंडरशी बोलतो ती सोय) वापरणारा ॲड-ऑन वाटायचा किंवा विकायचा तर तोही जीपीएलशी जुळणाऱ्या लायसन्सखालीच द्यावा लागतो. विका की खुशाल, पैसे घ्यायला कोणी अडवत नाही, पण वर जादा अटी घालता येत नाहीत. जीपीएल ३ मध्ये तर स्पष्ट आहे की असली जादा अट कोणी चिकटवली असेल तर घेणारा ती काढून टाकू शकतो. म्हणजे तुमची ओळ पहिला गिऱ्हाईकच डिलीट करणार, विषय संपला. मात्र हे कोडपुरतं. मॉडेल, टेक्स्चर (मॉडेलवर चढवायची चित्रं) हा वेगळा माल, त्याला वेगळं लायसन्स चालतं.
आणि ब्लेंडरमध्ये जे बनवाल ते तुमचं, हे ते लोक स्वतःच सांगतात. कोणी त्यात गणपती करतो, कोणी अजून काही.

हाडं_आणि_स्नायू:
मी डॉक्टर लोकांसाठी ॲनिमेशन करते, बाळंतपण, स्तनपान, ब्रेस्टची तपासणी स्वतः कशी करायची वगैरे. मागे एका विकत घेतलेल्या बॉडी मॉडेलच्या लायसन्समध्ये न्यूडिटी चालणार नाही असं मोघम लिहिलेलं, क्लायंटचा वकील तिथेच अडून बसला आणि आम्हाला सगळं शरीर परत मॉडेल करावं लागलं, तेही फुकट. ज्याने ती ओळ लिहिली त्याच्या डोक्यात बाळंतीण नक्कीच नसणार. र. धों. कर्व्यांवर संततिनियमन, लैंगिक शिक्षण असल्या विषयांवर लिहितात म्हणून अश्लीलतेचे खटले झाले, १९३४ साली त्यांची बाजू मांडायला खुद्द आंबेडकर उभे राहिले तरी दंड झालाच. कोर्टात ही गत, तर तुमच्या एका ओळीतून काय निघेल विचार करा.

सदाशिव_पेठी:
एवढं काय त्यात? ज्याचा माल त्याची मर्जी. भांडी भाड्याने देणारे सांगतातच ना, नॉनव्हेजला मिळणार नाहीत. नको असेल त्याने दुसरीकडे जावं.

पायथॉन_पंत:
@सदाशिव_पेठी भाड्याने ठीक आहे हो काका. विकल्यावर पण स्वयंपाकघरात डोकावायचं का?

शिवाजीनगर_कँटीन:
कायद्याचं थोडं. आयटी ॲक्टचं ६७अ आहे, लैंगिक कृती दाखवणारं ऑनलाइन टाकलं तर पहिल्या वेळेला ५ वर्षांपर्यंत कैद आणि १० लाखांपर्यंत दंड, लहान मुलांसाठी ६७ब वेगळं. विज्ञान, साहित्य, कला, शिक्षण यासाठी सूटही त्यातच दिलीय, ती तुमच्या ओळीत कुठून येणार? म्हणजे जे खरंच वाईट आहे ते तुमच्या लायसन्सशिवायही गुन्हाच आहे. तुमची अट मोडली तर फार तर दावा लावता येईल, तोही बहुतेक परदेशातल्या एखाद्या टोपणनावावर. कोण लढणार, तुम्ही?

मधली_सुट्टी:
सगळे लायसन्स लायसन्स करताय आणि त्या मैत्रिणीचं कोणीच विचारत नाहीये. तिला विचारलंस म्हणजे नक्की काय विचारलंस? स्कॅन करू का एवढंच, की हा चेहरा पैसे देईल त्याला मिळणार आणि तो त्याच्याकडून काहीही करून घेऊ शकतो हेही सांगितलंस? कारण ती हो म्हणाली ते तुला ओळखते म्हणून. अरिजित सिंगच्या आवाजाची एआयने नक्कल करू नका असा आदेश मुंबई हायकोर्टाने २०२४ साली दिला, पण तो अरिजित सिंग आहे. हिने कोणाकडे जायचं, आणि घरी काय दाखवायचं? कोडवर काही अट नको, मान्य, पण खऱ्या माणसाचा चेहरा म्हणजे टूल नाही ना. तिथे काय चालेल ते तिने ठरवायचं, तू नाही, तुझा मित्र तर नाहीच.
जपान्यांनी व्हीआरएम या थ्रीडी अवतारांच्या फाइल फॉरमॅटमध्ये हे बरं केलंय, अवताराच्या फाइलमध्येच हिंसक वापर, लैंगिक वापर, व्यावसायिक वापर चालेल का याचे वेगवेगळे रकाने असतात. त्याने कोणाचे हात बांधले जात नाहीत, पण माहीत नव्हतं म्हणायची सोय उरत नाही.

उपाशी_रेंडर:
@मधली_सुट्टी खरं सांगायचं तर फक्त स्कॅनचंच विचारलं होतं. काल फोन केला. ती म्हणाली स्टेजवर मी हवं ते करीन पण माझ्या तोंडाने दुसऱ्याने करायचं नाही. तर ॲड-ऑन जीपीएल, बाकीची मॉडेल्स मोकळी, आणि तिचं मॉडेल पॅकमधून बाहेर, मागेल त्याला वेगळ्या करारावर, तिला विचारून. मित्र रुसलाय कारण प्रोमोत तोच चेहरा आहे. करार मराठीतच करायचाय, कोणाकडे मसुदा आहे का? १०० च्या स्टॅम्पवर होईल ना?

शिवाजीनगर_कँटीन:
१०० चे दिवस गेले, ऑक्टोबर २०२४ पासून ५०० चा लागतो. मसुदा खाजगी निरोपात पाठवतो. त्यात एक कलम नक्की टाका, तिने उद्या नाही म्हटलं तर पुढची विक्री बंद.