जिम्नॅस्टिक्सला माउथगार्ड घालायचा का? आणि जबडा सरळ केला की बॅलन्स सुधारतो हे खरं आहे का?

बीमवाली_आई
मुलगी १३ वर्षांची आहे, नुकतेच ब्रेसेस लागलेत. परवा फ्लोअरवर बॅक टक (गुडघे छातीशी घेऊन हवेत मागे कोलांटी) मारताना रोटेशन कमी पडलं, लँडिंगला एकदम खाली बसली आणि स्वतःचाच गुडघा हनुवटीवर आदळला, ओठ आतून ब्रेसेसवर चांगलाच फाटला. कोच म्हणतात माउथगार्ड घाल, ती म्हणते श्वास कोंडल्यासारखा होतो. त्यात एका पालकांनी सांगितलं की खालचा जबडा 'बरोबर जागी' आणणारा खास गार्ड मिळतो, त्याने बीमवरचा (उंच, अरुंद पट्टीवरचा) बॅलन्स आणि ताकद दोन्ही वाढतात. काय करू?

टक_ते_लेआउट
ताई, आधी ओठ नीट भरू दे. मी कित्येक वर्षं गार्ड घालून टम्बलिंग (फ्लोअरवरच्या कोलांट्या-उड्या) केलंय, पहिले काही दिवस लाळ सुटते, उमासा येतो, मग सवय होते. नुसता वॉर्मअपला घालायला लावा, मग हळूहळू फ्लोअर आणि व्हॉल्टला. आणि दात आवळून धरल्याशिवाय जागेवर राहत नसेल तर तो गार्ड ढिला आहे, मुलीची चूक नाही, श्वासाची तक्रार बहुतेक त्यातूनच येते.

दातांचा_डॉक्टर
यात दोन वेगळे प्रश्न आहेत. दात वाचवण्यासाठी गार्ड घालायचा का, तर हो, नक्की, अमेरिकन डेंटल असोसिएशनच्या यादीतही जिम्नॅस्टिक्स आहे. वरचे दात पुढे असतील तर ते तुटायचा धोका आणखी जास्त. पण ब्रेसेसवर गरम पाण्यात मऊ करून चावायचा साधा गार्ड नको, तो तारांमध्ये अडकतो आणि सरकणाऱ्या दातांना अडवतो. ब्रेसेससाठीचा वेगळा मिळतो, तो ऑर्थोडॉन्टिस्टला विचारून घ्या, आणि दात हलत राहतात म्हणून फिटिंग अधूनमधून तपासून घ्या.

आता बॅलन्स. दात आवळले की शरीराच्या इतर स्नायूंचा जोर थोडा वाढतो हे खरंय, गुडघ्याचा रिफ्लेक्स तपासताना पेशंटला दात आवळायला सांगतात ते याचसाठी. पण हा परिणाम आवळण्याचा आहे, जबड्याच्या जागेचा नाही. जबडा सरकवणारी उपकरणं १९८० च्या आसपास खेळाडूंमध्ये खूप गाजली होती, पण खेळाडूला न कळू देता खोट्या गार्डशी तुलना केली तेव्हा बऱ्याच चाचण्यांत ताकदीतला फरक उरला नाही. आणि ऑर्थोडॉन्टिस्ट मुलीचा बाइट (वरखालचे दात जुळण्याची ठेवण) आत्ता बदलतोयच की, त्यात दुसऱ्या कुणी जबडा आणखी एका दिशेला ढकलणं मला अजिबात पटत नाही. १० सेंटीमीटरच्या बीमवर डोळे, आतला कान आणि घोटे काम करतात, वेळ तिकडे घालवा.

कोच_पट्टी
डॉक्टरांशी सहमत. माझ्याकडे नियम एवढाच, नवीन स्किल आणि टम्बलिंगला गार्ड हवा, बीमचं डान्सवर्क त्याशिवाय चालेल. पण गुडघा हनुवटीला का लागला ते सोडू नका, रोटेशन कमी असताना ती मॅटवर उतरली, म्हणजे काही दिवस स्पॉटिंग (कोचच्या हाताचा आधार) आणि पिटमध्येच (फोम भरलेल्या खड्ड्यात) करायला हवं. लँडिंगला गुडघे थोडे उघडे, छाती वर, जीभ दातांच्या आत, हे मी रोज सांगतो. आणि कधी पक्का दात मुळासकट पडलाच तर मुळाला हात न लावता वरच्या भागाला धरा, माती लागली असेल तर पाण्याखाली क्षणभर धरा, घासू नका, जमलं तर लगेच परत जागेवर बसवा नाहीतर दुधात टाकून डेंटिस्टकडे पळा, अर्ध्या तासाच्या आत पोचलात तर फार फरक पडतो.

बीमवाली_आई
सगळ्यांचे आभार. खास गार्डचा विचार सोडला, ऑर्थोडॉन्टिस्टची वेळ घेतलीये. पिटबद्दल कोचना आजच विचारते, तेच खरं तर आधी सुचायला हवं होतं.