इंटरनेटवर काय पसरणार, हे मोजके ‘जोडणारे’ लोकच ठरवतात का?

निळावंती
माझ्या मते हो, तेच ठरवतात. पण जोडणारा म्हणजे लाखो फॉलोअरवाला नव्हे. एरवी एकमेकांशी संबंध नसलेल्या दोन गटांत ज्याची ऊठबस असते, तो. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोवेटर यांच्या १९७३ च्या लेखात ओळखीतून नोकरी मिळालेल्यांची पाहणी आहे. त्यांतल्या जेमतेम १७ टक्के लोकांची त्या ओळखीच्या माणसाशी वारंवार भेट व्हायची, बाकीच्यांची कधीमधी किंवा क्वचित. कारण उघड आहे: जवळच्या मित्रांना बहुधा तेच ठाऊक असतं जे आपल्याला असतं. नवी खबर जुजबी ओळखीतून येते, आणि अशा ओळखी सर्वांकडे सारख्या नसतात.

आकडेमोड
असहमत. डॉड्स, मुहम्मद आणि वॉट्स या संशोधकांचा २००३ चा प्रयोग बघा. ६० हजारांहून जास्त लोकांनी १३ देशांतल्या १८ अनोळखी व्यक्तींपर्यंत ओळखीपाळखीतून ईमेल पोचवायचा प्रयत्न केला. ज्या साखळ्या पोचल्या, त्या दांडग्या ओळखीच्या माणसांवर अवलंबून नव्हत्या. बहुतेक मधेच तुटल्या, कारण पुढे पाठवण्यात लोकांना रस नव्हता.

२०११ चा ट्विटरचा अभ्यास तर १६ लाख खात्यांचा होता. जास्त फॉलोअरवाल्यांच्या लिंक सरासरीनं जास्त पसरल्या, हे खरं. पण अमुक एकाची अमुक लिंक पसरेल का, हे भरवशानं सांगता आलं नाही. बहुतांश लिंक तर एकदाही पुढे गेल्या नाहीत. गाजलेल्या गोष्टीच्या मागे जाऊन पाहिलं की कोणीतरी वजनदार सापडतोच; त्याच माणसाच्या न गाजलेल्या पोस्ट कोणी मोजत नाही.

निळावंती
हे सगळं फॉलोअर मोजण्याविरुद्ध झालं, पुलांविरुद्ध, म्हणजे दोन गटांना जोडणाऱ्या माणसांविरुद्ध नाही. पूल शोधायची पद्धत वेगळी आहे. कोणी कोणाला उत्तर दिलं, याची दोन रकान्यांची यादी करा आणि ती गेफी या जाळ्यांचे नकाशे काढणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये भरा. एकदाच घडलेले संवाद गाळा. लूव्हेन पद्धतीनं (आपसांत जास्त बोलणाऱ्यांना एकत्र करणारी गणिती रीत) गट पाडा. मग इतरांच्या सर्वांत जवळच्या वाटांवर सर्वाधिक वेळा कोण येतं, ते पाहा. फॉलोअर कमी पण हा आकडा मोठा, अशी खाती तपासा. आणि हो, बॉट (आपोआप चालणारी खाती) आधीच काढा. ते सगळ्या गटांना उत्तरं देत सुटतात आणि खोटे पूल दिसू लागतात.

आकडेमोड
उत्तरांऐवजी रीट्वीट घेतलेत तर याहून मोठी गफलत होते. अ चं ट्वीट ब नं पुढे केलं आणि ते ब कडून क नं उचललं, तरी डेटात क थेट अ लाच जोडलेला दिसतो. मधला ब, म्हणजे तुमचा पूल, गायब. वरून हा मध्यस्थाचा आकडा अपुऱ्या नमुन्यात फार हलतो; दोन-चार दुवे निसटले की क्रम उलटापालटा होतो.

सुतावरून
तुम्ही दोघंही सगळं पसरणं एकाच मापानं मोजताय. खबर एकदा कानावर पडली की पुरते. सवय किंवा मत बदलायला अनेकांकडून तेच दिसावं लागतं. समाजशास्त्रज्ञ डेमन सेंटोला यांच्या २०१० च्या प्रयोगात १,५२८ जण होते. जाळी दोन तऱ्हेची, पण प्रत्येकाला दुवे तेवढेच. शेजाऱ्याचे शेजारी एकमेकांना जोडलेले होते तिथे सुमारे ५४ टक्के लोकांनी आरोग्यविषयक मंचावर नोंदणी केली. दुवे विस्कटून दूरदूर टाकले होते तिथे ३८ टक्के. तुमचा एकटा पूल खबर नेईल, नोंदणी करवून घेणार नाही.

निळावंती
हा फरक मान्य. पण खबरीपुरतं तरी जोडणारे गाठणं सोपं आहे, नकाशाही लागत नाही. कोणाही माणसाला एक मित्र सुचवायला सांगा. तो मित्र सरासरीनं जास्त जोडलेला निघतो. हार्वर्डमध्ये २००९ च्या फ्लूच्या साथीत असे सुचवलेले मित्र इतरांपेक्षा साधारण दोन आठवडे आधी आजारी पडले.

सुतावरून
फ्लूला एक संपर्क पुरतो, म्हणून तिथे हे जमलं. एखादी नवी सवय रुजवायची असेल आणि हाताशी वीस माणसं असतील, तर ती वीस गटांत एकेक वाटू नका. ज्यांतले लोक एकमेकांना ओळखतात अशा दोन गटांत दहा-दहा ठेवा, आणि त्या दोन गटांमध्ये एकाऐवजी चार-पाच सामाईक ओळखी आहेत का, ते आधी बघा.