मदत हवी आहे: टीकेइंटरची विंडो हँग न होता कमांडचं आउटपुट लाइव्ह कसं दाखवायचं?

नमस्कार मंडळी,

ठाण्यात, नौपाड्यात आम्ही जुन्या व्हीएचएस कॅसेटी डिजिटल करून देतो. लग्नं, मुंजी, शाळेची स्नेहसंमेलनं, असं बरंच काही येतं. कॅप्चर झालेली फाइल एफएफएमपेगने (कमांडवर चालणारा व्हिडिओ रूपांतराचा प्रोग्राम) एमपी४ करायची, मग माझी एक छोटी पायथन स्क्रिप्ट ती गिऱ्हाइकाच्या फोल्डरमध्ये कॉपी करते आणि चेकसम (फाइलच्या मजकुरावरून काढलेला पडताळणीचा आकडा) जुळवून बघते. आतापर्यंत हे मी कमांड प्रॉम्प्टवर करायचो. आता रोजचं काम एक काकू सांभाळतात, म्हणून त्यांच्यासाठी टीकेइंटरमध्ये (पायथनची विंडो बनवायची लायब्ररी) साधी विंडो केली आहे: फाइल निवडा, ‘सुरू’ दाबा, खालच्या चौकटीत कमांडच्या ओळी दिसत राहतील.

पहिल्यांदा कमांड चालवायला पायथनच्या सबप्रोसेस मॉड्यूलचं रन वापरलं होतं. ते कमांड संपेपर्यंत परतच येत नाही, त्यामुळे विंडो पांढुरकी पडून वर ‘नॉट रिस्पॉन्डिंग’ यायचं. विंडोने ५ सेकंद मेसेज उचलले नाहीत की विंडोज तिला हँग धरतं. काकूंना वाटायचं बंद पडलं, आणि त्या मशीनच रीस्टार्ट करायच्या. एमपी४चा मूव्ह नावाचा भाग (फाइलमध्ये काय कुठे आहे याची सूची) एफएफएमपेग सगळ्यात शेवटी लिहितं. तोच नसेल तर तासभर एन्कोड झालेली फाइल कुठल्याही प्लेअरमध्ये उघडत नाही. कॅसेट कुणाच्या तरी आईवडिलांच्या लग्नाची असते, टेपही झिजलेली असते, त्यामुळे पुन्हा कॅप्चर करणं मला अगदी नको वाटतं.

मग सबप्रोसेसच्याच पॉपेनवर आलो, ते कमांड सुरू करून लगेच परत येतं, आणि ओळ वाचायच्या लूपमध्ये विंडो ताजी करणारं रूट डॉट अपडेट टाकलं. तरी पुढची ओळ येईपर्यंत रीडलाइन अडून बसतं आणि तेवढा वेळ विंडो अडकते. सध्या वाचनाचं काम वेगळ्या थ्रेडवर (प्रोग्राममध्येच समांतर चालणारं काम) आहे. तो थ्रेड ओळी क्यूमध्ये (रांगेत) टाकतो, आणि मुख्य थ्रेड दर १०० मिलिसेकंदांनी टीकेइंटरचं आफ्टर (ठरावीक वेळाने काम करवणारं फंक्शन) वापरून क्यू रिकामी करून टेक्स्ट विजेटमध्ये, म्हणजे खालच्या चौकटीत, भरतो. वाचणारा थ्रेड विजेटला हातही लावत नाही. विंडो आता मोकळी राहते.

दोन गोष्टी अजून अडल्या आहेत. एफएफएमपेगच्या ओळी लाइव्ह येतात, पण माझ्या पायथन स्क्रिप्टच्या ओळी शेवटी एकदम गठ्ठ्याने येतात. तीच स्क्रिप्ट कमांड प्रॉम्प्टवर एकेक ओळ छापते. पॉपेनला बफसाइझ १ (ओळीओळीने बफरिंग) दिलं, फरक नाही. दुसरं म्हणजे ‘थांबवा’ बटण. टर्मिनेट केलं, म्हणजे कमांड जबरदस्तीने बंद केली, की अर्धवट फाइल वाया जाते. तोवर झालेला भाग तरी चालावा असं काही करता येईल का? विंडोज १०, पायथन ३.११ आहे.

---

प्रतिसाद १ (ऐरोली)

थ्रेड, क्यू आणि आफ्टर ही रचना बरोबर आहे, तिला हात लावू नका. गठ्ठा तुमच्या विंडोत होत नाहीये, स्क्रिप्टच्या बाजूला होतोय. आउटपुट टर्मिनलवर जात असेल तर पायथन प्रत्येक ओळीनंतर बफर (आउटपुट तात्पुरतं साठवायची जागा) रिकामा करतं. तेच पाइपमध्ये, म्हणजे दुसऱ्या प्रोग्रामकडे, जात असेल तर साधारण ८ केबी साठेपर्यंत धरून ठेवतं. तुमची स्क्रिप्ट एवढं छापतच नसणार, म्हणून सगळं शेवटी बाहेर पडतं. पॉपेनमधलं बफसाइझ फक्त तुमच्या टोकाला लागू होतं, समोरच्या प्रोग्रामला नाही. स्क्रिप्ट चालवताना पायथनला मायनस यू हा स्विच द्या, किंवा प्रिंटमध्ये फ्लश (बफर लगेच रिकामा करणं) ट्रू करा. एफएफएमपेग आपलं लॉग एसटीडीएररवर (एरर आणि सूचनांचा वेगळा मार्ग) लगेच सोडतं, म्हणून तिथे हा त्रास दिसला नाही.

---

प्रतिसाद २ (कोपरखैरणे)

‘थांबवा’साठी टर्मिनेट नको. एफएफएमपेग चालू असताना कीबोर्डवर क्यू हे अक्षर दाबलं की ते फाइल नीट पूर्ण करून बाहेर पडतं, मूव्हसकट. पॉपेनमध्ये एसटीडीइनला (प्रोग्रामचा इनपुट मार्ग) पाइप द्या, बटण दाबल्यावर त्यात लहान क्यू अक्षर लिहा आणि फ्लश करा. मोठ्या फाइलला आवरायला थोडा वेळ लागतो, तेवढ्यात मुख्य थ्रेडवर वेट लावून बसू नका, नाहीतर विंडो परत हँग. वाचणाऱ्या थ्रेडलाच शेवट कळू द्या. विंडोच्या फुलीलाही हेच जोडा, डब्ल्यूएम डिलीट विंडो या प्रोटोकॉलवर, म्हणजे काकूंनी फुली दाबली तरी फाइल वाचेल.

एसटीडीइन उघडं ठेवलंत की एक खोच येते. त्याच नावाची फाइल आधीच असेल तर एफएफएमपेग ओव्हररायट करू का म्हणून विचारतं आणि उत्तराची वाट बघत थांबतं. विंडोत बघणाऱ्याला ते हँगच वाटणार. तुमच्या कामात मायनस एन द्या. फाइल असेल तर ते सरळ बाहेर पडेल, जुनी रेकॉर्डिंग शाबूत राहील.

शिवाय काकूंना फ्रेम आणि बिटरेटच्या ओळी कशाला? मायनस प्रोग्रेस पाइप:१ आणि मायनस नोस्टॅट्स दिलंत तर नाव-बरोबर-किंमत अशा सुटसुटीत ओळी येतात. त्यातला आउट टाइम घ्या, एफएफप्रोबने (एफएफएमपेगसोबत येणारा, फाइलची माहिती सांगणारा प्रोग्राम) काढलेल्या एकूण लांबीने भागा आणि प्रोग्रेसबार सरकवा. एसटीडीएरर मात्र एसटीडीआउटमध्येच (नेहमीच्या आउटपुटच्या मार्गात) मिसळा. वेगळा पाइप देऊन तो वाचला नाहीत तर पाइप भरतो आणि एफएफएमपेग जागीच थांबतं.

---

धागाकर्ता

दोघांचे मनापासून आभार. मायनस यू दिल्याबरोबर स्क्रिप्टच्या ओळी लाइव्ह यायला लागल्या. क्यू अक्षर पाठवून मध्येच थांबवलेली फाइलही व्हीएलसीमध्ये नीट चालली, आवाजासकट.

आता एकच राहिलंय. फोल्डरचं नाव देवनागरीत असलं, उदाहरणार्थ ‘मुंज १९९६’, तर विंडोतून चालवल्यावर स्क्रिप्ट युनिकोड एन्कोड एरर देऊन पडते. कमांड प्रॉम्प्टवर तेच नाव चालतं.

---

प्रतिसाद १ (ऐरोली)

इथेही पाइपच आहे. कन्सोलवर पायथन युनिकोडमध्ये लिहितं, पण पाइपवर विंडोजचं कोडपेज (कुठली अक्षरं लिहिता येतील याचा ठरलेला तक्ता) घेतं. तुमच्याकडे ते बहुतेक १२५२ असेल, आणि त्यात देवनागरी अक्षरंच नाहीत. स्क्रिप्टला पायथनयूटीएफ८ हा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (प्रोग्राम सुरू होताना त्याला मिळणारी सेटिंग) १ करून द्या आणि पॉपेनमध्ये एन्कोडिंग यूटीएफ-८, एरर्स रिप्लेस ठेवा. एन्व्हायर्नमेंट देताना ओएस डॉट एन्व्हायर्नची कॉपी घेऊन तिच्यात भर घाला. नुसती नवी डिक्शनरी दिलीत तर पाथही (कमांड कुठल्या फोल्डरमध्ये शोधायच्या त्याची यादी) त्यातून गेलेला असतो, आणि स्क्रिप्टच्या आत कुठली कमांड नावाने चालवत असाल तर ती सापडणार नाही.